सकाळ आजोबांची, दुपार माझी

परवा फोनवर धाकट्याने विचारलं, "आजी, तुमच्या दोघांत चांगली चित्रं कोण काढायचं?" थोरलीने त्याला कोपराने ढोसलेलं मला पडद्यावर दिसलं. मी म्हणाले, "विचार करून सांगते." तेवढ्यात तुमची शाळेची बस आली, तुम्ही दोघं पळालात, आणि पडद्यावर माझाच चेहरा उरला.

विचार केला. उत्तर एका वाक्यात बसत नाही, म्हणून लिहून पाठवते आहे. तुमची आई वाचून दाखवेल. अडलेला शब्द तिला विचारा, नुसती मान हलवू नका. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि जन्मभर इंग्रजी शाळेतच शिकवलं, त्यामुळे तुम्हाला एरवी इंग्रजीत लिहिते. पण आजोबांशी चित्रांबद्दल मी जे काही बोलले ते मराठीत, म्हणून हेही मराठीत.

आधी खोलीबद्दल सांगते. तुम्ही ती पाहिली आहे, पण लहान असताना तुम्हाला तिथे एकटं जायला बंदी होती. थोरलीने एकदा पांढऱ्या रंगाची ट्यूब टूथपेस्ट समजून ब्रशवर घेतली होती, तेव्हापासून. चित्रकाराच्या खोलीला उत्तरेची खिडकी हवी असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. आमच्या उत्तरेला शेजाऱ्यांची भिंत आहे. पूर्वेला मोठी खिडकी आणि पश्चिमेला गच्चीचं दार. सकाळी उजेड खिडकीतून येतो, दुपारनंतर दारातून. मधोमध ईझल, म्हणजे कॅनव्हास उभा करायचा लाकडी घोडा. जागा एकाच घोड्यापुरती होती.

लग्न झालं तेव्हा मला छावणीतल्या शाळेत नोकरी होती, सकाळी सातची. आजोबा शहरातल्या कला महाविद्यालयात शिकवायचे, त्यांचे वर्ग दुपारी दोननंतर. म्हणून सकाळची खोली त्यांची झाली आणि दुपारची माझी. असं बसून काही ठरवलं नव्हतं. नोकऱ्यांनी ठरवलं आणि आम्ही ते तसंच चालू दिलं. दीड वाजता मी शाळेतून यायची, ते जिना उतरून यायचे, अर्धा तास एकत्र जेवायचो, आणि मग ते सायकलवर, नंतर स्कूटरवर निघायचे. मी जिना चढायची. तुमची आई तिसऱ्या पायरीवर बसून गृहपाठ करायची, कारण तिथून वरचा आणि खालचा दोन्ही आवाज ऐकू येतात असं तिचं म्हणणं होतं.

खोलीचे नियम होते. जाणाऱ्याने आपलं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याने ते बघायचं नाही. ब्रश धुऊन ठेवायचे. आणि पॅलेटवर उरलेला रंग फेकायचा नाही, त्यावर ओलं फडकं झाकायचं, म्हणजे दुसऱ्याला तो वापरता येतो. चांगले तैलरंग आमच्या गावात मिळत नसत, मुंबईहून यायचे, म्हणून ही सवय लागली. पुढे क्रांती चौकातल्या दुकानात सगळं मिळायला लागलं तरी ती सुटली नाही. मी दुपारी फडकं उचलायची तेव्हा खाली त्यांचा सकाळचा करडा असायचा, निळ्यात विटेसारखा तपकिरी मिसळून केलेला. त्यानेच माझं काम सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना माझा पिवळा-मातकट सापडायचा, त्यांचं काम त्याने.

"आज काय ठेवलंयस?" जेवताना मी विचारायची.

"करडा. जरा जपून वापर, परवा तुझी अख्खी संध्याकाळ त्यात बुडाली."

"आणि माझ्या मातीने तुझ्या टाक्यांना गंज चढला, ते कोण सांगणार?"

हे अरे-तुरे फक्त आमच्यात. दारात कुणी आलं की "अहो ऐकलंत का" सुरू. आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो, पण सासूबाईंना ते कधी पटलं नाही.

आता टाक्यांचं सांगायला हवं. खिडकीतून पूर्वेला घरांच्या गच्च्या दिसतात, प्रत्येकीवर पाण्याच्या काळ्या टाक्या, आणि लांब हर्सूलच्या तलावाकडचा उंचवटा. आजोबांनी तीस वर्षं हेच रंगवलं. काळ्या, पांढऱ्या, सिमेंटच्या, झाकण उडालेल्या टाक्या. लोक त्यांना लेणी रंगवा म्हणायचे, शहराचे जुने दरवाजे रंगवा म्हणायचे, बाहेरचे लोक तेच विकत घेतात म्हणायचे. शेजारची सून लग्न होऊन इथे आली तेव्हा तिने गच्चीवरून त्यांना विचारलं होतं, "काका, आमची टाकी आली का हो फोटूत?" त्यांनी चित्र उचलून तिला दाखवलं. पूर्ण नव्हतं तरी दाखवलं. मला तो मान कधी मिळाला नाही.

मी एकदा म्हटलं, "अजून किती टाक्या काढणार आहेस?"

"नळाला रोज पाणी येईपर्यंत."

तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे पाणी अजूनही आठवड्याने येतं. म्हणजे त्यांचं काम संपलं नाही.

त्यांचं नाव माझ्याआधी झालं. मुंबईत प्रदर्शन, मग दिल्लीत, मग राज्याचा पुरस्कार, फेटा बांधलेला फोटो दिवाणखान्यात आहे तो त्याच वेळचा. मी घर, शाळा, स्नेहसंमेलनाचे पडदे आणि तुमची आई यांतून वेळ काढत होते. माझं पहिलं प्रदर्शन पंचेचाळिसाव्या वर्षी झालं. तेव्हा पुण्याहून आलेल्या एका समीक्षकाने लिहिलं की या चित्रकर्तीच्या रंगांत उतरत्या दिवसाची ऊब आहे आणि ही तिची खास दृष्टी आहे. मी ते कात्रण अजून ठेवलं आहे. खास दृष्टी कसली, मला खोली दुपारीच मिळायची! गच्चीच्या दारातून जो पिवळा उजेड यायचा त्यात जे दिसायचं ते मी काढत होते. पण लोकांना ते आवडलं. मग लोक संध्याकाळच मागायला लागले आणि मी संध्याकाळच देत राहिले.

आमचं दोघांचं मिळून प्रदर्शन एकदाच झालं, क्रांती चौकाजवळच्या एका सभागृहात. समोरासमोरच्या दोन भिंती, एक त्यांची, एक माझी. उद्घाटन संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली. आम्ही आत गेलो आणि दोघंही दारातच थांबलो. त्यांच्या टाक्या मेल्यासारख्या पांढुरक्या झालेल्या, आणि माझी भिंत हळद सांडल्यासारखी. पाहुणे कौतुक करत होते. आजोबा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "घरी चल, दोघांचं वाटोळं झालंय." आम्ही हार घालून घेतले, समोसे खाल्ले, आणि स्कूटरवर घरापर्यंत हसत आलो. इतकं एकत्र हसल्याचं मला त्यानंतर आठवत नाही.

शाळेत मी मुलांना हीच गोष्ट एका खेळाने शिकवायची. कागदाच्या दोन पट्ट्या, दोन्ही करड्या. एक करडा काळ्या-पांढऱ्यात थोडी पिवळी माती घालून केलेला, दुसरा निळ्या-तपकिरीचा. वर्गात दोन्ही अगदी सारख्या दिसायच्या. मग मुलांना मैदानात नेऊन दाखवायची, तिथे एक हिरवट आणि एक निळसर. "रंग खोटं बोलत नाही," मी सांगायची, "पण कुठल्या उजेडात विचारलं ते त्याला लागतं." हे मला पाठ होतं, हे लक्षात ठेवा.

आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. आता खोली दिवसभर मोकळी. आठवडाभर दोघांनी एकत्र बसून पाहिलं. दुसरा घोडा आणला. पण माझ्या पाठीशी कुणी उभं आहे असं मला सारखं वाटायचं, आणि ते ब्रश हातात धरून नुसते खिडकीबाहेर बघायचे. आठव्या दिवशी त्यांनी दुसरा घोडा घडी करून जिन्याखाली ठेवला आणि म्हणाले, "सकाळ तू घे. मी दुपारी बसतो."

मी म्हणाले, "मला नको. माझ्याकडून लोकांना संध्याकाळच हवी आहे."

"लोकांना काय हवंय ते मी विचारलं नाही."

मी उठले. जेवणाची ताटं घेतली. ते उत्तर मी रागाने दिलं नव्हतं. मला सकाळची भीती वाटत होती. सकाळी माझ्या हातातून काय येईल ते मला माहीत नव्हतं, आणि त्या वयात नापास व्हायची तयारी नव्हती. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. सकाळ त्यांची, दुपार माझी, तसंच पुढे चाललं. मी सकाळी भाजी निवडायची, ते दुपारी झोपायचे. एका घरात राहून दिवसाचे दोन तुकडे आम्ही कधी शिवले नाहीत.

गेल्या वर्षी थंडीत एक दिवस ते एक वाजताच खाली आले. "हात जड वाटतोय," म्हणाले. चित्र भिंतीकडे वळवलं होतं, पॅलेटवर फडकं झाकलं होतं, ब्रश धुतले होते. त्यानंतर अकरा दिवस हॉस्पिटल, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आलात, गेलात. तुमची आई महिनाभर राहिली. मग तीही गेली, आणि मी वर गेले. फडकं वाळून पॅलेटला चिकटलं होतं. खाली करड्याचा एक टणक खडा झाला होता. तो माझ्यासाठी ठेवलेला होता आणि मी त्या दुपारी वर गेलेच नव्हते.

चित्र वळवून पाहिलं. टाक्या, गच्च्या, समोरच्या गच्चीचा कठडा, त्याची सावली. सगळं पूर्ण, फक्त उजवीकडे खाली वीतभर कॅनव्हास कोरा. सही तिथेच करायचे, म्हणून तो कोपरा नेहमी शेवटी.

यंदा त्यांच्या महाविद्यालयातून फोन आला. तिथली विभागप्रमुख आमच्या दोघांची विद्यार्थिनी. शाळेत माझ्याकडे होती, कॉलेजात आजोबांकडे. मला अजून मॅडम म्हणते आणि अजून घाबरते.

"मॅडम, सरांचं शेवटचं चित्र आम्हाला द्या. कायमचं. दर्शनी भिंतीवर लावणार आहोत."

"ते अर्धवट आहे. कोपरा कोरा आहे."

"असू द्या ना, मॅडम. आणि ती भिंत तुम्हाला आठवते ना? सकाळी काय उजेड येतो तिथे!"

मी हो म्हणाले. रविवारी दुपारी चारला ती टेम्पो घेऊन येणार असं ठरलं.

तुमच्या आईला सांगितलं तर ती म्हणाली, "आई, अर्धवट चित्र कशाला देतेस? लोक काय बघणार, बाबा कुठे थांबले ते?" ती सहज बोलली. पण मला ते लागलं. फोन ठेवल्यावर मी वर जाऊन त्या कोऱ्या वीतभर जागेसमोर बसले. शुक्रवार होता, दुपारचे साडेतीन. गच्चीच्या दारातून माझा उजेड येत होता. घरात आवाज नव्हता. कुकरचाही नाही, एकटीला कुकर लागत नाही.

माझ्या मनात आलं, चाळीस वर्षांत आम्ही दोघं एका कॅनव्हासवर कधीच आलो नाही. त्यांचा रंग माझ्या चित्रांत आला, माझा त्यांच्या. पण हात एका जागी पडले नाहीत. हा कोपरा राहिला आहे. कठड्याची सावली तर फक्त पुढे न्यायची आहे, त्यात चित्रकाराचं डोकं लागत नाही. भिंत रंगवणारासुद्धा करील. आणि मी उठून रंग मिसळायला घेतला. काळा, पांढरा, थोडी पिवळी माती. माझा हात ज्याला सरावला आहे तो माझा करडा. चाकूच्या टोकावर घेऊन त्यांच्या सावलीला लावून पाहिला. आणखी थोडी माती. पुन्हा लावून पाहिला. जुळला. इतका जुळला की कुठे लावला ते मलाच दिसेना. सव्वापाचला कोपरा भरला. मी खुर्ची मागे ओढून बसले आणि बऱ्याच महिन्यांनी मला कुणाबरोबर बसल्यासारखं वाटलं. सही केली नाही. चित्र भिंतीकडे वळवायलाही विसरले.

शनिवारी नळाला पाणी आलं. पाण्याच्या दिवशी शेजारची येते. आमची टाकी भरली का ते गच्चीवरच्या शिडीवर चढून बघते, माझे गुडघे आता त्या शिडीचे राहिले नाहीत. तिचं माहेर कन्नड तालुक्यात, शेती आहे, आवाज शिवाराएवढा. साडेसातला ती खोलीतून गच्चीकडे निघाली आणि मध्येच थांबली.

"काकू! काकांच्या चित्राला ओल आली का वो?"

"कुठे?"

"ह्ये बघा ना इथं, कोपऱ्यात. हिरवं हिरवं झालंय. आमच्या न्हाणीच्या भिंतीला आलंय ना, तसंच. पुसू का?"

"नको, हात लावू नकोस!"

"नाय वो लावत. पण बुरशी हाय ती, लई पसरती. वेळीच बघा."

ती गच्चीवर गेली. मी त्या कोपऱ्यासमोर उभी राहिले. खिडकीतून सकाळ आत आली होती. त्यांची सावली निळी, थंड, कठड्यावरून उतरत आलेली, आणि मग एकदम, जणू रेघ मारून, माझा तुकडा. हिरवट, मळका. शेवाळ म्हणा, ओल म्हणा, ती बरोबरच बोलली होती. वर्षानुवर्षं मुलांना मैदानात नेऊन जे दाखवलं तेच मी माझ्या नवऱ्याच्या शेवटच्या चित्रावर करून ठेवलं होतं. दुपारी मिसळलेला रंग सकाळच्या चित्रावर. कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या मुलानेही केलं नसतं.

"भरली बघा टाकी," वरून हाक आली. मग ती दारात आली. "काकू, रडताय का?"

"टर्पेंटाइनचा वास लागतो डोळ्याला."

"मला तर काय बी वास येईना," ती म्हणाली. मग जाताना चहा करून ठेवून गेली. तिला कळलं असावं, पण काय ते कळलं नसावं.

तेव्हाच खरवडून काढायला हवं होतं. रंग ओला होता, दहा मिनिटांचं काम. पण मी दुपारची वाट पाहिली. चार वाजता वर गेले तर तुकडा नाहीसा झालेला, सावली अखंड, सगळं पूर्ण. तुम्हाला हसू येईल, पण मी त्या वेळी काय हिशोब मांडला ते सांगते. ती रविवारी चारलाच येणार आहे. तिला काही दिसणार नाही. महाविद्यालयात भिंतीवर गेल्यावर पुढचं पुढे. सकाळी मुलं घाईत असतात, कोण बघतं. आणि कुणी पाहिलंच तर सरांनीच तसं केलं म्हणतील.

म्हणजे चूक माझी आणि नाव त्यांचं. हे मला रविवारपर्यंत कळत होतं आणि तरी मी फोन केला नाही.

ती बरोबर चारला आली. चपला बाहेर काढल्या, पाया पडली, वर आली. चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"मॅडम, सरांनी पूर्ण केलं होतं की! तुम्ही म्हणालात कोपरा कोरा आहे."

"चहा घेतेस?" मी म्हणाले.

"नको, टेम्पोवाला खाली घाई करतोय. मॅडम, ही सावली बघा, शेवटपर्यंत हात हलला नाही सरांचा." तिने डोळे पुसले. मग बरोबर आणलेली चादर चित्राभोवती गुंडाळली, दोऱ्या बांधल्या. उचललं. तिसऱ्या पायरीपर्यंत गेली.

"थांब," मी म्हणाले.

"काय झालं, मॅडम?"

"वर आण ते. उद्या सकाळी ये. आठ वाजता."

"उद्या? पण मॅडम, उद्या वेगळं काय असणार आहे?"

"उजेड."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग परत वर चढली, दोऱ्या सोडल्या, चित्र घोड्यावर ठेवलं. टेम्पोवाला खालून ओरडला तेव्हा तिने जिन्यातून सांगितलं, "मामा, उद्याचं बी भाडं घ्या, पण आज जावा!"

सोमवारी आठला ती आली. चित्रासमोर उभी राहिली आणि क्षणात तिला दिसलं. शाळेत तिचे डोळे चांगले होते, अजून आहेत. ती कोपऱ्याजवळ वाकली. मग वर्गात उत्तर चुकेल या भीतीने विचारावं तसं हळू विचारलं, "दुपारी मिसळलात ना, मॅडम?"

"हो."

"काळ्या-पांढऱ्याचा करडा."

"हो. पट्ट्या तूच धरल्या होत्यास ना मैदानात?"

"मीच." ती हसली नाही. "मॅडम, राहू दे का? खाली पाटी लावू. दोघांची नावं लिहू. खरं सांगू, मला तर आवडलं. तुम्ही दोघं एका चित्रात."

मी लगेच नको म्हणाले नाही, हे तुम्हाला प्रामाणिकपणे सांगते. मी ती पाटी डोळ्यांसमोर आणून पाहिली, दोन नावं, एकाखाली एक. मला ते फार हवं होतं. पण आजोबांनी चाळीस वर्षांत अपूर्ण चित्र मला बघू दिलं नाही, आणि मी त्यांच्या पाठीमागे जाऊन त्यावर हात फिरवला होता. त्यांनी सकाळ देऊ केली तेव्हा मी ती घेतली नाही. आता ते नसताना त्यांच्या सकाळचा वीतभर तुकडा, तोही दुपारचा रंग लावून, मी कशी घेणार?

"चाकू दे," मी म्हणाले. "तो नाही, लाकडी मुठीचा. त्यांचा."

खरवडायला अर्धा तास लागला. रंग मऊ होता, सहज निघाला. कापसाला टर्पेंटाइन लावून उरलेलं पुसलं. ती कॅनव्हास मागून धरून उभी होती. कोपरा पुन्हा कोरा झाला. अगदी पहिल्यासारखा नाही, किंचित मळका डाग राहिलाच. तो राहू दिला. मग तिने चित्र गुंडाळलं, आम्ही दोघींनी जिन्यावरून उतरवलं. टेम्पोत ठेवताना ती म्हणाली, "पाटीवर काय लिहू?"

"नाव. आणि अपूर्ण. एवढंच."

टेम्पो वळणावरून गेला. शेजारची दारात उभी होती, तिने विचारलं, "गेलं का, काकू? बुरशी काढली का?" मी म्हणाले, काढली.

वर आले तेव्हा नऊ वाजले होते. घोडा रिकामा आणि खिडकीतून उजेड सरळ त्याच्यावर. त्या खोलीत सकाळी नऊला मी ब्रश घेऊन कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवशी खाली उतरण्यासारखंही काही नव्हतं, भाजी एका माणसापुरती आदल्या दिवशीच निवडलेली. खरवडलेला करडा चाकूवर तसाच होता. रंग फेकायचा नाही हा नियम, म्हणून मी तो पॅलेटवर घेतला, लहानसा कॅनव्हास लावला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

टाक्यांच्या सावल्या निळ्या होत्या. मी त्यांच्या चित्रांत तो निळा जन्मभर पाहिला होता, आणि मनात म्हणत आले होते की हा त्यांचा हट्ट आहे, पदरचं घातलेलं आहे. तो तिथेच होता. रोज सकाळी होता. मी भाजी निवडत होते तेव्हा.

धाकट्या, तुझं उत्तर मला अजून आलेलं नाही. तीन महिने मी सकाळी बसते आहे आणि चित्रं वाईट येत आहेत. टाक्या वाकड्या, सावल्या चिखलासारख्या. या वयात पहिल्या वर्गात बसले आहे. तुम्ही दोघं सुट्टीत याल तेव्हा आधी महाविद्यालयात जाऊन ते चित्र सकाळी बघा, मग इथे येऊन माझी जुनी चित्रं दुपारी बघा, आणि तूच सांग. ताईला ढोसू देऊ नकोस.

पहिल्या दिवशी एक वाजता मी ब्रश धुतले, चित्र भिंतीकडे वळवलं, पॅलेटवर उरलेल्या रंगावर ओलं फडकं झाकलं आणि जेवायला खाली गेले. हात आपोआप करत गेले. दीडला एकटीने जेवले. दोन वाजता पुन्हा जिना चढून वर आले आणि फडकं उचललं. खाली माझा सकाळचा निळसर करडा होता, ओला. त्यानेच काम सुरू केलं.